पडवीतलं संशोधन

प्रयोग कॉलेजात नको, घरच्या पडवीत करू, असं अवनीने ठरवलं आणि स्वतःच्या हुशारीवर खूश झाली. (बाळंतपणात सुटलेलं बी.एस्सी.चं शेवटचं वर्ष, मांडीवर दात येणारी सानवी. एवढ्यात माणूस खूश होतो हेच पुष्कळ.) विषय होता, खाऱ्या पाण्याचा भाताच्या रोपांवर होणारा परिणाम. निम्म्या कुंड्यांना साधं पाणी, निम्म्यांना मिठाचं. मिठाची रोपं सुकणार, अवनी ती मोजणार, पदवी मिळणार.

रोपं सुकेनात. माना टाकायची आणि पुन्हा तरारायची. अवनीला आधी वाटलं, पदवी गेली, मग वाटलं, आपल्या हातून शोधच लागला. 'हा वाण खारेपणा पचवतो' असा निष्कर्ष तिने एका हाताने सानवीला थोपटत लिहिला आणि इतक्यांदा सुधारला, की 'खारेपणा' वाचलं तरी तहान लागायची. नवरा, देवदत्त, म्हणाला, खाजणातले, खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीतले शेतकरी तुझा फोटो लावतील. गाइड सर तर हरखलेच. वाण दापोलीच्या कृषी विद्यापीठाला दाखवू म्हणाले.

त्या संध्याकाळी तिने निष्कर्ष सासूबाईंना वाचून दाखवला. त्या शेंगा मोडत होत्या.

"मिठाचं पाणी? रोपांना?"

"हो आई. रोज."

"तरीच गो. वाळत होती बिचारी. तू कॉलेजात गेलीस की मी तांब्या तांब्या गोडं पाणी घालत होत्ये. वर पांढरं काय साचायचं, तेही धुऊन काढायचे."

"आई, ती सुकायलाच हवी होती."

"आपल्या दारात? भात?" सासूबाईंनी असं पाहिलं, जणू सुनेने सानवीलाच उपाशी ठेवायचं ठरवलं होतं.

गप्प बसावं, असं अवनीला फार वाटलं. प्रबंध जमा करायची तारीख तोंडावर, नवी रोपं वाढवायला ना वेळ, ना अंगात त्राण. पण तिच्या भरवशावर उद्या कोणी खाजणात हे भात लावलं तर? तिथे तांब्या घेऊन सासूबाई थोड्याच जाणार होत्या.

दुसऱ्या दिवशी तिने सरांना सगळं सांगितलं. सर म्हणाले, जे घडलं तेच लिहून आणा, पास होण्यापुरतं होईल. आणि लाल पेन घेऊन निष्कर्ष खोडला, आलेख खोडले, चर्चा खोडली. उलटे येत येत पहिल्या पानावरच्या ऋणनिर्देशाशी थांबले. तिथे अवनीने लिहिलं होतं, 'सासूबाईंच्या मदतीशिवाय हे निष्कर्ष निघालेच नसते.'

"हे राहू द्या," सर म्हणाले. "प्रबंधात सिद्ध झालेलं एवढंच आहे."