कोठीच्या दारावरची झोप

अधीक्षकांची पाठ तीन आठवडे दुखत होती आणि सगळा दोष त्यांनी गादीला दिला होता. कचेरीत चुका कारकून करत, घरात बायको करत असे. पाठदुखी मात्र दोघांच्याही माथी मारता येईना, तेव्हा कापसाची गादी तावडीत सापडली.

"मऊ गादीनंच कणा वाकतो," असं म्हणून रविवारी सकाळी त्यांनी कोठीचं दार बिजागरीतून काढलं आणि गादीच्या जागी पलंगावर टाकलं.

"अहो, एकदा कुणाला तरी दाखवा."

"दाखवायचंय काय त्यात? मी सगळं वाचलंय."

वाचले होते तीन लेख. एकात मानेखाली उशी होती, दुसऱ्यात कमरेखाली, तिसऱ्यात गुडघ्यांखाली. त्यांनी तिन्ही एकदम घेतल्या. वर कूस बदलू नये म्हणून दोन्ही बाजूंना लोड ठासले आणि जेवून ते त्या दारावर आडवे झाले.

चार वाजता आतून हाक आली. आवाजात नेहमीचा हुकूम नव्हता. "अगं, मला उठता येत नाहीये."

बायकोला ते एकटीला उचलेनात. तिनं शेजारच्या गल्लीत राहणाऱ्या, त्यांच्याच कचेरीतल्या टपाल कारकुनाला फोन केला आणि वरच्या मजल्यावरच्या फिजिओथेरपिस्ट बाईंना बोलावून आणलं.

"हे दार कशाला?" बाईंनी विचारलं.

"कण्याला आधार."

"हा आधार नाही, शिक्षा आहे." त्यांनी कारकुनाच्या मदतीनं अधीक्षकांना कुशीवर वळवलं, पाय खाली सोडायला लावले आणि हळूहळू बसतं केलं. "गादी परत घाला. कुशीवर झोपा, गुडघ्यांमध्ये उशी घ्या. एकच. पण दार आजचं आणि दुखणं तीन आठवड्यांचं. कचेरीत कसे बसता?"

"ताठ."

बाईंनी कारकुनाकडे पाहिलं. कारकून छताकडे पाहू लागला.

"सांगा की."

"सकाळी ताठच बसतात."

"आणि दुपारी?"

"दुपारी बसत नाहीत. तीन आठवड्यांपूर्वी मागे कलणारी खुर्ची आलीय. जेवण झालं की पाय टेबलाच्या उघड्या खणावर, मान मागे लोंबती. दोन तास. मग आम्ही फायली आपटतो."

बायकोनं तोंडाला पदर लावला. बाईंनी आठवडाभराच्या रजेसाठी दाखला लिहिला. कारण : कार्यालयीन खुर्चीत रोज दुपारी दोन तास झोपणे.

अधीक्षकांनी तो दोनदा वाचला. "कारण जरा मोघम लिहिता येईल का?"

"नाही."

"द्या साहेब," कारकून नम्रपणे म्हणाला, "उद्या पहिल्या टपालात वरिष्ठांकडे पाठवतो."

अधीक्षकांनी दाखला घडी करून खिशात घातला आणि सोमवारी दहाच्या ठोक्याला ते कचेरीत हजर झाले. रजा घेता येत नव्हती आणि खुर्चीत कलायचीही सोय उरली नव्हती. मग दुपारभर ते उभ्यानं फायली तपासू लागले. प्रत्येक मसुद्यात त्यांना खोट दिसू लागली. दुरुस्त केलेला मसुदा पुन्हा दुरुस्तीला जाई. ते झोपलेले असत त्या दोन तासांतच कचेरीची बहुतेक कामं उरकत असत. ती आता साफ ठप्प झाली.

शुक्रवारी टपाल कारकून त्यांच्या टेबलाशी आला. त्याच्या हातात मानेभोवती घालायची मऊ, अर्धगोल उशी होती.

"साहेब, आम्ही सगळ्यांनी मिळून आणलीय," तो म्हणाला. "ही घेतली की बसल्या बसल्या झोपलं तरी मान दुखत नाही म्हणे."