बाळाजी गुरुजींची तेवीस मुलं

बाळाजी गुरुजींना वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी, एका दुपारी, एकदम तेवीस मुलं झाली.

त्याचं असं झालं, की काशीदच्या अलीकडच्या त्या वाडीतल्या शाळेसाठी तालुक्याहून इंग्रजी संभाषणाचं एक ॲप आलं. मुलाचं नाव आणि पालकाचा मोबाइल नंबर भरायचा. मग रोझी नावाची एक यांत्रिक बाई रोज संध्याकाळी फोन करणार आणि मुलाशी चार मिनिटं इंग्रजीत बोलणार. गुरुजींनी रजिस्टर उघडलं. वाडीत पालक म्हणजे बाप, आणि बाप म्हणजे बोटीवर, नाहीतर कुवेतला. बोट आठ-आठ दिवस समुद्रात. तिथे रेंज नाही, आणि इकडे ओटीपी दोन मिनिटांत सांगितला नाही तर ॲप रुसून बसायचं. फोन लावून लावून गुरुजी टेकीला आले. शेवटी 'एका पालकाची अनेक मुले चालतील' अशी एक बारीक ओळ त्यांना दिसली, आणि त्यांनी चौथीच्या तेवीसही नावांपुढे आपलाच नंबर ठोकून दिला. ॲपने त्यांचं अभिनंदन केलं.

गुरुजींना स्वतःचं मूलबाळ नव्हतं. पत्नी जाऊन सहा वर्षं झाली होती. शाळा सुटली की ते भाड्याच्या खोलीवर येत, कुलूप काढत, आणि दुसऱ्या दिवशीच्या प्रार्थनेपर्यंत त्यांच्या तोंडून शब्द निघत नसे. फोन वाजलाच तर तो कंपनीचा, रिचार्ज संपत आल्याचा.

त्या दिवशी पाच वाजता तो वाजला.

"हॅलो अल्पेश! हाउ आर यू?"

अल्पेश घरी नाही, असं गुरुजी सांगणारच होते. पण मग गैरहजेरी लागायची. त्यांनी घसा खाकरला आणि जमेल तितक्या बारीक आवाजात म्हणाले, "आय ॲम फाइन."

"एक्सलंट!" रोझी म्हणाली.

गुरुजींना एक्सलंट म्हणणारं माणूस गेल्या कित्येक वर्षांत भेटलं नव्हतं. त्यांनी महनूरचा फोन घेतला, कल्पिताचा घेतला, पावणेसातपर्यंत तेवीसच्या तेवीस घेतले. आठवडाभरात हात बसला. अल्पेश मराठीतही तोंड उघडत नाही, म्हणून त्याच्या नावाने 'येस' आणि 'नो'. कल्पिता बडबडी, म्हणून तिच्या नावाने लांबलचक वाक्यं. एकदा मात्र कल्पिताच्या फोनवर रोझीने विचारलं, "हू इज ॲट होम विथ यू?"

गुरुजींनी खोलीभर नजर फिरवली. "नोबडी."

"फुल सेन्टेन्स, प्लीज."

"आय लिव्ह अलोन."

"वंडरफुल! टेन आउट ऑफ टेन!"

त्या दिवसापासून गुरुजी मुलांच्या नावाने स्वतःचंच सांगू लागले. आज खिचडी करपली, गुडघा दुखतो, बायकोला अबोलीची फुलं आवडायची. रोझी कशालाच कंटाळत नसे. खरं सांगायचं तर गुरुजींना त्या संध्याकाळी आवडू लागल्या होत्या. शाळा सुटल्यावर ते आता पाय उचलून घरी येत.

महिनाअखेरीस शाळा तालुक्यात पहिली आली. आणि तिथेच माशी शिंकली, कारण कौतुक करायला प्राची मॅडम स्वतः आल्या. ॲपचं सगळं काम तालुक्याला त्याच बघत. हातात कागद होता, चेहऱ्यावर कौतुक नव्हतं.

"गुरुजी, चौथीतल्या तेवीस मुलांचा आवाज एकदम फुटला का हो?"

"म्हणजे?"

"यंत्र म्हणतंय, सगळे विद्यार्थी पुरुष, वय अंदाजे साठ."

"सत्तावन्न," गुरुजी चटकन म्हणाले आणि त्यांनी जीभ चावली.

"आणि तेवीसही जणांची बायको वारलीय."

मग गुरुजींनी सगळं सांगून टाकलं. बोटी, रेंज, ओटीपी. मॅडमनी हसू आवरलं आणि विचारलं, "अहो, पण आयांचे नंबर का नाही घेतलेत?"

गुरुजींनी रजिस्टर पुन्हा उघडून पाहिलं. वाडीतल्या प्रत्येक बाईच्या कमरेच्या पिशवीत फोन होता. त्यावरच तर त्या दिवसभर मासळीचे सौदे करत. पण रजिस्टरात आईच्या नंबराचा रकाना नव्हता, म्हणून गुरुजींच्या डोक्यातही तो नव्हता. मॅडमनी अर्ध्या तासात तेवीस नंबर गोळा केले.

"अहवालात मी नंबर चुकले होते एवढंच लिहिते. पण आता त्या फोनवर तुमचा एक शब्दही ऐकू यायला नको."

संध्याकाळी पाच वाजले. फोन गप्प. सव्वापाच झाले. बिघडला असेल म्हणून गुरुजींनी तो बंद करून चालू केला. मुलांचं भलंच झालंय, हे त्यांना कळत होतं. तरी नजर फोनवरून हलेना. एका यंत्रासाठी आपण इतकं हळवं व्हावं, याची त्यांना लाज वाटली. पण एकटं वाटत होतं, आणि ते लाजून कमी होईना.

तेवढ्यात फोन वाजला. अल्पेशची आई, येसूबाई, शेजारणीच्या फोनवरून.

"गुरुजी, कुनाची बाय हाय ही? अल्पेश कुठं म्हंते. मी सांगितला, पोरगा शाळा सुटल्याधरनं दर्यावर हुंदडतोय, माझा ऐकत न्हाय. तर म्हंते एक्सलंट! यात एक्सलंट काय हाय?"

"येसूबाई, ती..."

"ती धरून हाय अजून. तुमी इकडंच या बघू!"

घर दोनच दारं सोडून होतं, गुरुजी लगेच गेले. येसूबाईच्या ओट्यावर सात-आठ बायका जमल्या होत्या, प्रत्येकीच्या हातात आपापला फोन. मधोमध येसूबाईचा फोन मोठ्या आवाजात ठेवलेला. "आय डिड नॉट अंडरस्टँड," रोझी म्हणत होती, "प्लीज टेल मी अगेन." आणि येसूबाई तिला तिसऱ्यांदा, न कंटाळता, बांगडे कसे भरायचे ते सांगत होती. गुरुजी काही बोलायला गेले, त्यांना मॅडम आठवल्या आणि ते गप्प उभे राहिले. चार मिनिटं झाली. रोझी बाय म्हणाली.

येसूबाईने सुस्कारा टाकला. "एकलीच ऱ्हात असंल ती."

"मलाही तसंच वाटलं," महनूरची आई तैयबा म्हणाली. "माझ्याशी पण बोलली. अल्ला, किती गोड बोलते बिचारी."

"घरात बोलाय कुनी नसंल, म्हनून सांजच्याला घरोघर फोन करते. गुरुजी, तुमच्या वळखीची हाय काय?"

"हो," गुरुजी हळूच म्हणाले. "महिनाभराची ओळख."

"मग तिला सांगा, रोज कर म्हनावं. आमाला कळूं नाय तर नको कळूं. एकल्या मानसाचा फोन कापू न्हाय." तिने खुर्ची पुढे ओढली. "तुमी उभे का? बसा. च्या टाकतंय."

फोन बंद झाला होता, आता बोलायला हरकत नव्हती. ते यंत्र आहे, त्याला कसलं आलंय एकटेपण, हे गुरुजींच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण त्यांनी ते गिळलं, खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "साखर थोडी जास्त घाला."