नानकटाईची जादा गाडी

आमच्या शेजारच्या तात्यांकडे नानकटाई खायला जायचं तर आधी रांगेत उभं राहावं लागे. नंबर आला की तात्या चष्म्यावरून बघत विचारायचे, "कुठं उतरणार?" या प्रश्नाला उत्तर द्यावंच लागायचं. किन्हवली म्हणा, शहापूर म्हणा, पण गावाचं नाव हवं. "तात्या, नानकटाई द्या ना" असं सरळ म्हणणाऱ्याला ते रांगेत मागे पाठवत. एकदा एका पोराने ऐटीत "दिल्ली" म्हटलं, तर तात्या जरासुद्धा हसले नाहीत. "गाडी आटगावपर्यंतच हाय. फुडचा तुजा तू बघ," म्हणाले आणि नानकटाई त्याच्या हातावर ठेवली.

तात्या एसटीत कंडक्टर होते, हे एव्हाना लक्षात आलंच असेल. मी लग्न होऊन या गावात आले, त्याच सुमाराला ते रिटायर होऊन घरी बसले. आमचं गाव किन्हवलीच्या अलीकडे, मुरबाडच्या रस्त्याला अगदी लागून. तात्यांचं घर आणि आमचं घर यांच्यामध्ये एक शेवगा, बाकी काही नाही. त्यांची बायको, इंदूकाकी, आदल्याच वर्षी गेली होती. एकुलती एक मुलगी मंदा मुरबाडला दिलेली. त्यामुळे घरात तात्या, एक मांजर आणि वेळच वेळ. पहिले काही महिने त्यांनी ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांना नावं ठेवण्यात काढले. "हा डायवर क्लच खातो," असं ते मला सांगायचे, जणू काही मी जाऊन त्याला समजावणार होते.

मग एका शिमग्याला त्यांनी अंगणात पत्र्याचा पिंप आडवा घातला, खाली विस्तव केला, पिंपाला झाकणाचं दार बसवलं आणि गावातली पोरं गोळा केली. पिंपापासून ओट्यापर्यंत दोरी बांधली आणि दोरीच्या टोकाला घंटी. नानकटाईचा पत्रा आत सरकवला की दोनदा घंटी, म्हणजे गाडी सुटली. भाजून झालं की एकदा, म्हणजे गाडी थांबली. मधल्या वेळात कोणी दार उघडायला गेलं की तात्या ओरडत, "चालत्या गाडीतून उतरू नका!" या एका बाबतीत ते आवाज चढवायचे.

नानकटाई गोल असते, असं तुम्हाला-आम्हाला वाटतं. तात्यांची नानकटाई लांबट असायची, तिकिटासारखी. तिच्यावर ते पंच मारायचे. एसटीचा पंच एसटीत जमा झाला होता. हा त्यांनी शहापूरच्या बाजारात भंगारवाल्याशी अर्धा तास घासाघीस करून मिळवलेला. कच्च्या पिठावर पंच मारला की पीठ पंचातच अडकायचं. मग तात्या आगपेटीतल्या काडीने पंच कोरत बसायचे आणि रांग ताटकळायची. भोक कशाला पाडायचं, असं मी एकदा विचारलं. तर म्हणाले, "मग चेकर आला तर काय दाखवशील?"

तिकिटं रंगीत असतात म्हणून नानकटाईही रंगीत. "टिकिट बघून कळला पायजे, कंचा सन हाय." शिमग्याला पळसाच्या फुलांची केशरी. मे महिन्यात करवंदांची जांभळी. गणपतीत तांबड्या माठाची गुलाबी, दिवाळीला हळदीची पिवळी. रंग पोरांनीच आणायचे. पळस शोधत पोरं माळ पालथा घालायची आणि संध्याकाळी आपापल्या झबल्यांना आणि सदऱ्यांना कायमचे डाग पाडून परत यायची. त्या डागांवरून तात्यांना बोलणी खावी लागायची, त्यातली निम्मी माझी. बाजारातला बाटलीतला रंग मात्र त्यांना चालत नसे. त्याला ते डुप्लिकेट तिकीट म्हणत. रंग आणणाऱ्याला खिडकीची सीट मिळे, म्हणजे पिंपाजवळची ओट्याची कड. तिथे बसून पोराचा चेहरा तापून लाल व्हायचा, तरी त्या जागेवरून भांडणं होत.

तात्यांच्या गाडीत हाफ तिकिटाचा नियम उलटा होता. पोरांना अख्खी नानकटाई आणि मोठ्यांना अर्धी. मी माझी मुलगी प्रज्ञा कडेवर घेऊन उभी असले, तरी तिच्या हातात अख्खी आणि माझ्या हातात अर्धी. मी कुरकुर केली की म्हणायचे, "तू आता मोटी झालीस गो. मी काय करू?"

आमच्या घरी चौदा एप्रिलची तयारी चालली होती, तेव्हा ते कुंपणाशी येऊन उभे राहिले. "तुमच्या जयंतीला कंचा रंग?" मी म्हटलं, निळा. पण तात्या, तुम्ही कशाला त्रास घेता? तर म्हणाले, "तुमच्या सनाला पन मी कदी घरी नव्हतो. तवा पन जादा गाड्याच." मग पोरांनी गावातल्या सगळ्या कुंपणांवरची गोकर्णाची फुलं ओरबाडली. पाणी सुरेख निळं झालं. पीठ निळं झालं. तात्यांनी सवयीने त्यात सोडा घातला, दोनदा घंटी दिली, आणि दार उघडलं तेव्हा आतून हिरवीगार नानकटाई बाहेर आली. पोरांचे चेहरे पडले. प्रज्ञाने भोकाड पसरलं. तात्या बराच वेळ पत्र्याकडे बघत राहिले. मग त्यांना आठवलं की बकरी ईद तीन-चार दिवसांवर आली आहे. त्यांनी सगळा पत्रा डब्यात भरून बांगडीवाल्या शेखभाईंच्या घरी पाठवला. "गाडी चुकली नाय," ते पोरांना म्हणाले, "रूट बदलला." दुसऱ्या खेपेला बिनसोड्याची केली. ती निळी झाली आणि दगडासारखी कडक झाली. आमच्या घरच्यांनी ती चहात बुडवून आनंदाने खाल्ली. त्या वर्षी आमच्या ओट्यावर तात्या सगळ्यात पुढे बसले होते.

मला इथे एक सांगून टाकलंच पाहिजे. माझे मिस्टर पहाटे आटगावला जाऊन लोकल पकडायचे ते रात्री उशिरा परत. प्रज्ञाचे लहानपणचे सण मला आठवतात, त्या प्रत्येक सणात तो पिंप आहे. पोर रडत असो, मला ताप असो, अंगणातून घंटी वाजली की घर जागं व्हायचं. माझ्या मुलीला आजोबा नव्हते. ते तिला शेवग्यापलीकडे मिळाले. त्याचे आभार मानायला गेलं असतं, तर तात्यांनी मला विचारलं असतं, कुठं उतरणार?

दिवाळीचा पहिला पत्रा मात्र पोरांना मिळत नसे. तो जायचा मंदाकडे. इंदूकाकीचा एक जुना गोल डबा होता, त्यात तात्या तो भरत, टॉवेलात गुंडाळत आणि चालत फाट्यावर नेत. मुरबाडच्या गाडीतल्या कंडक्टरकडे देत. आमच्या घरांसमोर थांबा नाही, आणि थांबा नसताना गाडीला हात दाखवणारा माणूस तात्यांच्या लेखी गुन्हेगार. दोन-चार दिवसांनी तसाच फाट्यावरून डबा परत यायचा. धुतलेला, पुसलेला, रिकामा.

आपल्याकडे कोणी रिकामा डबा परत करत नाही. काही नसलं तर चिमूटभर साखर तरी टाकतात. पोरांनाही ते ठाऊक होतं. एका दिवाळीत प्रज्ञाने झाकण उघडून आत बघितलं आणि सगळ्यांसमोर विचारलं, "तात्या, यात कायच नाय?" तात्या पंच कोरत होते. मान वर न करता म्हणाले, "रिटर्न गाडी रिकामीच येते गो."

पोरं गेल्यावर मी तिथेच थांबले. बरं दिसतं का विचारणं, असं वाटत होतं, तरी विचारलं. मंदा अशी का वागते?

तात्यांनी आधी विस्तव विझवला, मग बोलले. दिवाळीला नेहमी जादा गाड्या. एकही दिवाळी ते घरी नव्हते. परत यायचे तेव्हा डब्याच्या तळाला इंदूकाकीच्या नानकटाईचा चुरा उरलेला असायचा. तो मऊ पडलेला चुरा हीच त्यांची दिवाळी. एका वर्षी त्यांची गाडी याच रस्त्याने, याच घरासमोरून जायची होती. मंदा तेव्हा प्रज्ञाएवढी. आईने भट्टीतून भाजून आणलेली नानकटाई रुमालात घेऊन ती रस्त्याच्या कडेला उभी राहिली होती.

"मला लांबनंच दिसली," तात्या म्हणाले. "हात दाखवत होती. गाडी भरलेली. हितं थांबा नाय. मी डबल बेल मारली."

विझलेल्या विस्तवावर त्यांनी आणखी एक तांब्या पाणी ओतलं.

"मागल्या काचंतून बघितला मी. गाडीच्या मागनं पळत होती. मंग कदी उबी नाय राह्यली ती रस्त्यावर. मी उतरलो नाय गो त्या दिशी."

मी समजूत घालण्यातली नाही. मला त्यांचा रागही आला होता आणि रडूही येत होतं. मी म्हटलं, "मग आता उतरा."

पुढच्या दिवाळीला लक्ष्मीपूजनाच्या सकाळी तात्यांनी नवा सदरा घातला, डबा टॉवेलात गुंडाळला आणि या खेपेला फाट्यावरून स्वतः गाडीत चढले. पोरांना त्यांनी सांगून ठेवलं होतं की आजची गाडी रद्द. पोरं दिवसभर विझलेल्या पिंपाभोवती घुटमळली. दुपार टळता टळता तात्या परत आले. गेलेल्या गाडीनेच परत आले असावेत. मी कुंपणाशी धावले.

"दिला डबा," ते म्हणाले.

"आणि मंदा काय म्हणाली?"

"पानी दिला तिनं. बस बोल्ली. मी म्हटला, गाडी उबी हाय." एवढं बोलून ते घरात गेले. मला त्यांना गदागदा हलवावंसं वाटलं.

भाऊबीजेच्या सकाळी पोरं रांगेत होती. प्रज्ञा खिडकीच्या सीटवर होती, हळद तिने आणली होती. तात्या पंच मारत होते. तेवढ्यात मुरबाडकडून एसटी आली आणि आमच्या दोन घरांसमोर करकचून थांबली. आत माणसं दाटीवाटीने उभी होती. तात्या ताडकन उठले. "हितं थांबा नाय रे!" असं ओरडतच ते रस्त्यावर गेले.

कंडक्टर तरुण होता. दारातून वाकून त्याने टॉवेलात गुंडाळलेला गोल डबा पुढे केला. "तात्या, तुमच्या मंदीचा हाय. स्टँडाजवळच्या बेकरीतनं भाजून घेतलान आन पळत आणून दिलान. आन बोल्ली, फाट्यावर नाय द्यायचा. घरासमोरच थांबव."

तात्यांनी डबा दोन्ही हातांनी घेतला. मग टॉवेलाच्या आत हात घातला आणि तळवा डब्यावर तसाच ठेवला. "ऊन हाय," ते म्हणाले. कोणाला म्हणाले कोण जाणे. "आजून ऊन हाय गो."

गाडी खोळंबली होती. "तात्या, जाऊ का?" कंडक्टरने विचारलं. तात्यांना ऐकूच गेलं नाही. गाडीच्या दाराला खेटून डबा पोटाशी धरून ते उभे, आतल्या प्रवाशांची चुळबुळ सुरू झालेली. मी हाक मारणार, इतक्यात ओट्यावरून प्रज्ञाने दोरी दोनदा ओढली. तात्या बाजूला झाले आणि गाडी निघाली.

डब्यात गोल नानकटाई होती. मधे अंगठ्याने दाबलेली, वर चारोळी. इंदूकाकी करायची तशी, असं तात्याच म्हणाले. एक तोंडात घातली आणि डोळे पुसायचं विसरून ते चावत राहिले. मग रांगेत डबा फिरला. मी सवयीने अर्धीसाठी हात पुढे केला. तात्यांनी अख्खी ठेवली. "आज सगल्यांना फुल," म्हणाले.

त्याच संध्याकाळी त्यांनी पिंप परत पेटवला. डबा रिकामा कसा पाठवायचा? दुसऱ्या दिवशी सकाळी ते घराची किल्ली द्यायला आले, मांजराच्या दुधाचं सांगितलं. काखेत डबा होता आणि हातात कपड्यांची पिशवी. मी विचारलं, आज कुठल्या गाडीने परत येणार?

तात्या फाट्याकडे चालायलाही लागले होते. मागे वळून म्हणाले, "आज गाडी मुक्कामी हाय गो."