माळवदावरचं जर्मन

पहाटे फजरची नमाज झाली की आमचे शेजारी सय्यद मास्तर ओसरीत बसून एका जर्मन क्रियापदाची रूपं मोठ्यानं म्हणत. "इख ब्लाइबे, डू ब्लाइब्स्ट, एर ब्लाइब्ट." म्हणजे मी राहतो, तू राहतोस, तो राहतो. आमच्या दोन घरांमध्ये एकच मातीची भिंत. त्यामुळं निजामाच्या अख्ख्या राज्यात, इच्छा नसताना जर्मन शिकलेलं कुटुंब कळंबात आमचंच असावं.

मास्तर शाळेत फारसी शिकवत, मी गणित. बेगम गेल्यापासून ते एकटेच होते. हैदराबादच्या रद्दीवाल्याकडून त्यांनी एक जर्मन व्याकरण आणलं होतं, पण ते आधी उंदरांनी वाचून काढलेलं. धड उरलं होतं एकच पान. तेवढ्यावर मास्तर पंडित झाले.

"ह्ये पैलवान क्रियापद हाय, गणितवाले," ते मला सांगत. "दुबळी असत्यात ती शेपूट लावून भूतकाळात जात्यात. ह्ये पोटातला सूर बदलून जातंय. ब्लाइबन, ब्लीब, गेब्लीबन."

मग मूळ निघे. फार पूर्वी या शब्दाचा अर्थ म्हणे माखणं, चिकटणं, आणि आपलं लिंपणं त्याच कुळातलं. "जे चिकटलं ते राहिलं. समजलं का?"

समजत होतं. फक्त लिंपणाची वंशावळ सांगणाऱ्या या गृहस्थांनी जन्मात कधी लिंपणाला हात लावला नव्हता. त्यांचं माळवद, म्हणजे मातीचं सपाट छत, दर पावसाळ्यात गळे. मी उन्हाळ्यात माझ्या माळवदावर पांढरी माती पसरून चोपत असे, तेव्हा ते खाली सावलीत उभं राहून मला रूपं ऐकवत. यांना जर्मनीत नेऊन सोडलं तर तिथं राहता येईल, पण प्यायला पाणी मागता येणार नाही, असं सांगून मी शाळेत सगळ्यांना हसवत असे.

जर्मनीशी लढाई चालू होती त्या काळात कुणीतरी चुगली केली आणि पोलिसांचे अमीनसाहेब चौकशीला आले. मास्तरांनी त्यांनाही तिन्ही रूपं म्हणायला लावली. "बेकार आदमी, खतरा नहीं," असा शेरा मारून अमीनसाहेब घाईनं गेले. मास्तरांना तो शेरा प्रशस्तीसारखा वाटला.

पुढं निजामाच्या राज्याच्या अखेरच्या वर्षी आमच्या भागात गडबड वाढली. गावातली बरीच घरं निजामाच्या सरहद्दीपल्याड बार्शीकडं निघाली. ऐन उन्हाळ्यात मीही बायकोमुलांना गाडीत बसवलं. माळवदावर माती टाकायची राहून गेली होती. पावसाळ्यात घर कोसळणार हे मला दिसत होतं, आणि ते माझ्या वडिलांनी बांधलेलं घर होतं.

मास्तर दारात आले. "तुमी जावा. इख ब्लाइबे."

"आता तरी ते पुरे करा," मी तोडून बोललो.

गडबड निवल्यावर, दसऱ्याच्या सुमाराला परतलो. घर उभं होतं. वर चढलो तर माळवदावर नवी माती, कुठं उंचवटा, कुठं खड्डा, सगळीकडं बोटांचे फराटे. एका कोपऱ्यात दोन गुडघ्यांचे ठसे तसेच वाळले होते. इतकं वाईट काम मी आयुष्यात पाहिलं नव्हतं, आणि माझे डोळे भरून आले.

शेजारचं माळवद निम्मं खाली आलं होतं. मास्तर उरलेल्या कोपऱ्यात खाट टाकून राहत होते.

"आधी स्वतःचं का नाही केलं?"

"येवढीच माती वर न्हेणं झालं. उमर झाली न्हवं." थोडं थांबून म्हणाले, "तुमचं घर पडलं असतं तर तुमी कशाला परत आला असता? मंग मी भिंतीपल्याड कुणाला ऐकवावं?"

दुसऱ्या दिवशी फजर झाली, तरी पलीकडून आवाज आला नाही. मी तोडून बोललो तेव्हापासून त्यांनी रूपं म्हणणं सोडलंच असावं. मला अंथरुणात राहवेना. उठून भिंतीवर थाप मारली.

"मास्तर, इख ब्लाइबे."

पुढचं मला पाठ होतं, तरी मी थांबलो. पलीकडं खोकल्याची उबळ आली, घसा साफ झाला.

"डू ब्लाइब्स्ट," मास्तर म्हणाले.