दोरीअलीकडच्या सुलभाकाकी

नवीन मराठी माणूस भेटला की आपण विचारतो, पुण्यात कुठे? कंपनी कुठली? सुलभाकाकी विचारतात, "तरंगता येतं का?"

जर्मनीतल्या कार्ल्सरूहेच्या आमच्या गणपतीत त्यांनी हा प्रश्न कुणाच्या तरी नव्याकोऱ्या जावयाला विचारला. तो बिचारा सॉफ्टवेअरवाला. "सध्या मार्केट जरा वाईट आहे, पण निभतंय," म्हणाला. काकींनी त्याच्याकडे अपार करुणेनं पाहिलं आणि त्याच्या हातावर मोदक ठेवला. "पाण्यात रे बाबा, पाण्यात!"

मलाही पहिल्या भेटीत हेच विचारलं. मी नाही म्हटलं. "आणि हिला?" त्यांचं बोट माझ्या इराकडे. इरा सहा वर्षांची, तिलाही येत नव्हतं. गावच्या स्विमिंग पूलमधल्या मुलांच्या वर्गात आम्ही तिचं नाव घातलं होतं, पण नंबर लागेपर्यंत इराची मुलं पोहायच्या वयाची होतील असं माझा नवरा म्हणायचा.

"शनिवारी सकाळी घेऊन ये," काकी म्हणाल्या. तो हुकूम होता.

सुलभाकाकी सत्तरीच्या. माहेर कऱ्हाडचं, पोहायला शिकल्या त्या कृष्णेत, पाठीला भोपळा बांधून. काका मोटारीच्या कारखान्यात इंजिनियर म्हणून इकडे आले, मागोमाग काकी आल्या आणि इथल्याच झाल्या. काका जाऊन आता बरीच वर्षं झाली. काकींचं जर्मन व्याकरणाला जुमानत नाही, पण त्या बोलू लागल्या की समोरचा जर्मन गप्प बसतो. मी तर त्यांना घाबरूनच असायची. शिवाय त्या कायम घाईत. "चला, घरी सतरा कामं पडलीत," म्हणत निघायच्या. घर लेकासुनांनी, नातवंडांनी भरलेलं असणार, असं मी आपलं धरून चालले होते.

शनिवारी स्विमिंग पुलावर गेलो तर निम्म्याहून अधिक पाणी लाल-पांढऱ्या दोरीपलीकडे. तिथे एका खासगी स्विमशूलचा, म्हणजे पोहण्याच्या शाळेचा, क्लास चाललेला. ऐपतवाल्यांची आठ-दहा पोरं ऐसपैस पोहत होती आणि उरलेलं सगळं गाव अलीकडच्या पट्ट्यात लग्नातल्या पंगतीसारखं दाटीवाटीनं बसवलं होतं. काकी थेट दोरीपाशी गेल्या.

"गुटन मॉर्गन. हौद नगरपालिकेचा, पाणी नगरपालिकेचं. मग दोरी कुणाची?"

"आम्ही जागा भाड्यानं घेतली आहे," पलीकडचा शिक्षक म्हणाला.

"पाणी भाड्यानं देतात? उद्या ऱ्हाइन देतील!"

हा संवाद दर शनिवारी व्हायचा असं मला नंतर कळलं. शिक्षक वैतागायचा, काकी कधीच वैतागायच्या नाहीत. देवळात घंटा वाजवावी तसा प्रश्न वाजवून त्या आपल्या कोपऱ्यात यायच्या. कोपऱ्यात पोरं वाट बघत असायची. आमची मराठी, दोन तुर्की भावंडं, एक युक्रेनची मुलगी, शिवाय नंबर न लागलेली जर्मनसुद्धा.

इरा पाण्याच्या काठावर मला चिकटून "नाइन, नाइन", नाही नाही, करत होती. काकी तिला काही समजावत बसल्या नाहीत. उताणं धरलं, पाठीखाली तळहात दिला आणि म्हणाल्या, "पाणी उचलतं गं. आपण फक्त नाही म्हणायचं नाही." थोड्या वेळानं मी पाहिलं तर काकींचे दोन्ही हात पाण्याबाहेर होते आणि इरा छताकडे बघत शांत पडली होती. त्या बाईनं हात केव्हा काढला ते मला दिसलं नाही, इरालाही कळलं नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. क्लोरीनचं आहे असं मी शेजारणीला सांगितलं.

यात पैशाचा संबंध नव्हता. घोटाळा केला तो आम्ही बायकांनी.

पाण्यातून निघालेल्या पोरांना भूक लागते म्हणून काकी डबाभर शेंगदाण्याचे लाडू आणायच्या. उरलेले डब्यासकट कुणाच्या तरी हातात कोंबायच्या, "घरी ने." आता डबा रिकामा परत करायचा असतो का? मी चकल्या घालून दिला. पुढच्या शनिवारी दुसरीनं थालीपिठं. आमचं बघून तुर्की आई बकलावा आणू लागली. पुलाच्या बाकावर डब्यांची अशी देवघेव सुरू झाली की पाहणाऱ्याला वाटावं, इथे दुकान थाटलंय. आणि पाहणारा दोरीपलीकडे होताच. स्विमशूलनं तक्रार ठोकली: सदर बाई सार्वजनिक जागेत विनापरवाना धंदा करतात आणि फी खाद्यपदार्थांच्या रूपात घेतात!

निम्मा हौद भाड्यानं घेऊन बसलेल्यांनी हे म्हणावं, म्हणजे चोराच्या उलट्या बोंबा. पण नगरपालिकेतल्या साहेबांचं बोलावणं आलं. धंदा सिद्ध झाला तर हाउसफरबोट, म्हणजे काकींना वर्षभर पुलात पाऊल टाकायला बंदी. मी साक्षीला म्हणून बरोबर गेले.

साहेब भला माणूस होता, पण नियमाचा. "मुलांच्या आया तुम्हाला भरलेले डबे देतात?"

"गेनाऊ, अगदी बरोबर," काकी म्हणाल्या. "रिकामा डबा परत करत नाहीत आमच्यात."

"म्हणजे मोबदला."

"मला डायबेटीस आहे. मी कुठे खाते?"

"मग जातं कुठे ते सगळं?"

काकी छताकडे बघू लागल्या. कोपऱ्यात उभे असलेले बाडेमाइस्टर हेर ब्रांट, पुलावर शिट्टी घेऊन पोहणाऱ्यांवर नजर ठेवणारा सहा फुटी माणूस, त्यांनी घसा खाकरला. "मी खातो," ते म्हणाले. "चकली फार छान असते."

प्रकरण धंद्यावरून आता लाचखोरीवर आलं. मी कपाळाला हात लावला. साहेबांनी चष्मा काढून पुसला.

"फ्राउ जोशी, फी घेत नाही म्हणता, खातही नाही. मग तुम्हाला यातून मिळतं काय?"

काकी म्हणाल्या, "शनिवार."

साहेबांना कळलं नाही. मलाही नाही.

"मुलगा कोलोनला असतो. बिझी असतो. मी एकटीच राहते. शुक्रवारी रात्री लाडू वळते आणि शनिवारी पोरं काकी, काकी ओरडतात. बाकीचे दिवस मला हाक मारायला कोणी नसतं."

सतरा कामांचं घर! या बाईला मी वर्षभर नुसती भीत आणि भारावत आले, पण घरी कोण असतं हे एकदाही विचारलं नव्हतं.

साहेबांनी निकाल दिला. धंदा नाही. भिंतीलगतचा पट्टा शनिवारी सकाळी सर्वांसाठी मोकळा राहील, दोरी तेवढी मागे सरकेल. अट एकच: पुलाच्या आवारात डबे दिसता कामा नयेत, भरलेले नाहीत आणि रिकामेही नाहीत. हेर ब्रांट फार दुःखी दिसले.

बाहेर येऊन मी म्हटलं, "मग काकी, डबे आम्ही तुमच्या घरी घेऊन येतो."

"घरी?" त्या थांबल्या. "माझ्या घरी? कधी?"

"रविवारी? चारला?"

"या की," त्या म्हणाल्या आणि लगेच रस्ता ओलांडायला वळल्या.

रविवारी आम्ही चार घरची माणसं, पोरं, डबे असा लवाजमा घेऊन निघालो. बाहेर बर्फाळ वारं सुटलेलं. काकींच्या गल्लीत वळलो तर त्या इमारतीच्या दारात, रस्त्यावरच उभ्या. अंगात कोट, खाली इस्त्रीची साडी.

"अहो काकी, एवढ्या थंडीत! केव्हापासून उभ्या आहात?"

"छे गं, आत्ता तर उतरले खाली," काकी म्हणाल्या. त्यांचं नाक लालबुंद झालं होतं आणि इरानं त्यांचा हात धरला तेव्हा तो इतका गार होता की ती ओरडलीच.