दामूअण्णांचं अळणी जेवण

आमचे दामूअण्णा नमस्कार एकाच हातानं करत. दुसऱ्या हाताची दोन बोटं जबड्याखाली, मानेवर रोवलेली असत. श्रीवर्धनात नवा आलेला माणूस सहज विचारी, "दाढ दुखते का हो?" संपलं! त्याची सकाळ गेलीच.

अलिबागच्या डॉक्टरांनी त्यांना रक्तदाब सांगितला होता. मानेतल्या शिरेशी मज्जातंतू असतात. दाब वाढला की ते मेंदूला कळवतात आणि मेंदू हृदयाला आवरतो, असं डॉक्टर म्हणाले. सुपारीच्या वाडीत जन्म गेलेल्या अण्णांनी ते आपल्या परीनं लावून घेतलं. "मास्तर, रहाट जोरात फिरून पाट फुटायला आला की राखण्यानं बैल थांबवायचा. माझ्या मानेतला राखण्या मेला घोरत पडलाय! त्यात मीठ पोटात गेलं की पाट आणखी तुडुंब."

मिठाशी त्यांनी उभं वैर धरलं. पंगतीत आधी मीठ वाढतात, म्हणून हे पानाच्या डाव्या कोपऱ्यावर पंजा पालथा घालून बसत. एकदा वाढप्यानं घाईत पंजावरच मीठ वाढलं, तर हे हात धुवायला उठले. उठणंही साधं नव्हतं. गोळ्यांमुळे एकदम उभं राहिलं की अंधारी येई, म्हणून आधी गुडघे, मग कंबर, मग खांबाला धरून उरलेले अण्णा. समुद्रावर जाताना नाकाला उपरणं. का, तर वारा खारा!

एवढं करूनही दाब उतरेना. पावलं सुजली. डॉक्टर चिडले, "मीठ जातंय कुठून?" अण्णांनी सगळा दोष राखण्यावर ढकलला. बाहेर डॉक्टर मला हळूच म्हणाले, असंच चाललं तर हे फार दिवस काढायचे नाहीत.

मला अण्णांचा संताप आला. म्हातारा चोरून लोणचं खातो, अशी माझी खात्रीच झाली. रंगेहाथ पकडायचं म्हणून ऐन जेवणाच्या वेळी त्यांच्या घरी थडकलो.

"कोण पाहुणे?" अण्णांच्या पत्नी यमूकाकूंनी मला विचारलं. शेजारी राहणाऱ्या मला! काकूंना हल्ली विसर पडतो हे गावाला ठाऊक होतं, पण इतका? "ह्यांचं अळणीच असतं हो," असं म्हणत त्यांनी आमटीत चिमटीनं मीठ सोडलं. ढवळलं. वळल्या, आणि पुन्हा बरणीत हात घातला. मग आणखी एकदा.

मलाही पान वाढलं; पहिला घास इतका खारट की गिळवेना. अण्णा मुकाट्यानं जेवत होते. काकू पाणी आणायला मागीलदारी गेल्या तेव्हा मी म्हणालो, "अण्णा, हे काय? सांगा की त्यांना!"

"सांगितलं होतं एकदा. तर चूल सोडून भिंतीकडे तोंड करून बसली. मला आता काहीच येत नाही म्हणून रडली. माझं नावसुद्धा रोज आठवत नाही तिला, मास्तर. आमटीत मीठ घालायचं, एवढं हाताला आठवतं. तो हातही धरू?"

"आणि तुमचं बरंवाईट झालं तर त्यांना कोण?"

अण्णांनी मान खाली घातली. वाटीतली उरलेली आमटी त्यांनी भातावर ओतून घेतली.

काकू तांब्या घेऊन आल्या. "कशी झालीय आमटी?"

"झकास झालीय गो," अण्णा म्हणाले आणि वाटी पुढे केली. "आणखी वाढ."