दाराबाहेर न जाणारं बाक

वुब्बोनं बाक पुन्हा आडवं करून वर्कशॉपच्या दारात घातलं आणि ते पुन्हा अडकलं. त्यानं दाराला एक लाथ हाणली. दाराचं काही बिघडलं नाही, पायाचं बिघडलं.

बाक मात्र झकास जमलं होतं. लोखंडी पाय, वर ओकच्या फळ्या आणि घराच्या पुढे आलेल्या, तीन बाजूंच्या दर्शनी खिडकीत आतून नेमका बसेल असा वळणारा आकार. शनिवारी बायकोचा, हिल्केचा, पन्नासावा वाढदिवस होता. दुकानातून खुर्च्या आणू या, असं ती म्हणाली, तेव्हा वुब्बोनं अख्ख्या सासरवाडीसमोर छाती ठोकून सांगितलं होतं, की पाहुणे बसतील ते माझ्या हातच्या बाकावर. आता बाक घरी गेलं नाही, तर ही मंडळी केकबरोबर त्यालाच खाणार होती.

"माप घेतलं होतंस ना?" वर्कशॉपच्या मालकानं, गेर्बेननं, विचारलं.

"घेतलं की. खिडकीचं."

ख्रोनिंगेन शहरातल्या घरांच्या अरुंद जिन्यांवरून मोठं सामान कोण चढवतो? दोर लावून ते खिडकीतूनच आत घ्यायचं. त्यामुळे वुब्बोनं खिडकी दोनदा मोजली होती. सामान बाहेर काढायलाही दार लागतं, हे त्याच्या डोक्यातच आलं नाही.

"हे दार आहे की उंदराचं बीळ?" तो गेर्बेनवर उखडला.

"वुब्बो, ऐक जरा..."

"एक शब्द बोलू नकोस. मला आज कोणाची अक्कल नकोय."

गेर्बेननं खांदे उडवले आणि कॉफी ओतून घेतली. तेवढ्यात हिल्केचा फोन आला. सगळं उत्तम चाललंय, असं वुब्बो तिच्यावर खेकसला. मग त्यानं ग्राइंडर घेतला आणि स्वतःच्या हातांनी जोडलेले पाय एकेक करून कापून काढले. त्याचे डोळे पाणावले, तेव्हा त्यानं धुरालाही शिव्या घातल्या. बिनपायाचं बाक उभं केल्यावर मुकाट्यानं दाराबाहेर गेलं.

तो पाय गोळा करायला परत आला, तर गेर्बेन कप विसळत होता.

"उद्या सकाळी गवंडी येतोय," गेर्बेन म्हणाला. "दार रुंद करायला."

वुब्बोच्या हातातला पाय खाली पडला. "हे मघाशी सांगायला काय झालं होतं तुला?"

"सांगतच होतो. तू म्हणालास, एक शब्द नको."

वुब्बोनं बाक परत आत आणलं आणि वेल्डिंगचा मुखवटा चढवला. गेर्बेन एकेक पाय जागेवर धरत गेला. मुखवट्याआड वुब्बो सारखा काहीतरी पुटपुटत होता. ती माफी होती की शिव्या, हे गेर्बेननं विचारलं नाही.